दाट ग्रॅफाइट: वेळ वाचेल, खर्चाचे काय?
साच्यात दाब आणि विद्युतप्रवाह एकत्र देऊन दाट ग्रॅफाइट लवकर व स्वस्तात घडवता येईल, हे लेखातील प्रतिपादन मला अर्धेच पटले. पारंपरिक पद्धतीत पेट्रोलियम कोक (तेलशुद्धीकरणात उरणारा घन कार्बन) आणि डांबरी पिच (डांबरापासून मिळणारा, कण चिकटवणारा घट्ट पदार्थ) यांचे मिश्रण ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत अतिशय सावकाश भाजावे लागते, कारण पिचमधील वायू घाईने सुटले तर ठोकळा तडकतो. पुढे छिद्रे भरण्यासाठी पुन्हा पिच मुरवणे, पुन्हा भाजणे आणि शेवटी सुमारे ३००० अंशांवरील ग्रॅफाइटीकरण (कार्बनचे ग्रॅफाइटमध्ये रूपांतर) यांत महिने जातात. नव्या पद्धतीतील मेसोफेज पिचच्या (पिच तापवून मिळणाऱ्या, कणांची अंशतः सुसूत्र मांडणी असलेल्या पदार्थाच्या) सूक्ष्म गोलिकांना कण चिकटवणारा वेगळा बांधक लागत नाही, मात्र त्या कोकपेक्षा महाग असतात (हा हिशेब लेखात हवा होता). शिवाय साच्यातील तुकडे लहानच निघतात. आमच्या नाशिकमधील अंबड-सातपूरच्या टूलरूमना (साचे-हत्यारे बनवणाऱ्या कार्यशाळांना) स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरण्याच्या, इलेक्ट्रोडसाठी ते चालतील, मोठे इलेक्ट्रोड लागणाऱ्या पोलादाच्या विद्युतभट्टीला नाही.