गेटजवळची जागा कुत्र्याच्या काय कामाची?

राष्ट्रीय उद्यानाजवळ कुत्र्यासह मुक्कामाची जागा निवडण्याबद्दलच्या लेखात म्हटलंय, ‘गेटच्या जितकं जवळ, तितकं कुत्र्यासाठी सोयीचं’. हे म्हणणं अमेरिकेतल्या झायन नॅशनल पार्कला तरी साफ चुकतं. तिथे कुत्र्याला पा’रस ही एकच पायवाट मोकळी, तीही सहा फुटी दोरीवर. पार्कच्या शटल बसमध्ये त्याला घेत नाहीत आणि शटलच्या मोसमात सीनिक ड्राइव्हवर, म्हणजे दरीतल्या रस्त्यावर, आपली गाडी नेता येत नाही. मग गेटला खेटून राहिलात तरी एकाने दरी बघायची, दुसऱ्याने कुत्रं सांभाळायचं.

आम्ही अंतराआधी एसीसाठी वीज आणि सावली बघतो. तिथे उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर सहज जातो. बाहेरच्या एका कॅम्पग्राउंडवर भर दुपारी शेजारच्या आरव्हीचा (आत राहता येतं अशा गाडीचा) ब्रेकर उडाला, एसी बंद, मालक डोंगरावर आणि आत लॅब्रडॉर भुंकतोय, काचेवर लाळेचे ओघळ. ऑफिसवाल्यांनी चक्क हात वर केले. मालक धापा टाकत पोचला म्हणून निभावलं. कुत्रं एकटं ठेवायला कितीतरी ठिकाणी मुळात परवानगीच नसते, ते बुकिंगआधी फोन करून विचारा (वेबसाइटवरचा ‘कुत्री चालतात’ अशा अर्थाचा पंजाचा शिक्का याबद्दल काही सांगत नाही). आणि कुत्र्याला घेऊनच फिरायचं असेल तर सरळ मेन राज्यातलं अकेडिया नॅशनल पार्क गाठा, तिथे सुमारे १०० मैल पायवाटांवर कुत्री चालतात.