नावात ‘क्लोर’ म्हणजे पोटात विष? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: क्लोरीन हा महायुद्धात माणसे मारणारा वायू असून तोच नळाच्या पाण्यात मिसळतात, म्हणून पाणी दोन दिवस उघडे ठेवूनच प्यावे, गोळ्यांच्या पाकिटावर ‘हायड्रोक्लोराइड’ लिहिलेले असते, ते हेच विष, साधे मीठ सोडून सैंधव घ्यावे, कारण त्यात क्लोरीन नसतो, आणि अंगात साठलेले विष काढण्यासाठी क्लोरोफिलचे थेंब घ्यावेत, कारण तो ‘निसर्गातला शुद्ध क्लोरीन’ आहे. माझे औषधांचे दुकान शहराच्या पूर्व भागात आहे. हा संदेश मोबाइलवर दाखवून ‘मधुमेहाची गोळी बंद करू का?’ असे विचारणारी माणसे काउंटरशी येऊ लागली, तेव्हा तोंडी उत्तरे पुरेनाशी झाली.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. ग्रीक भाषेत ‘क्लोरोस’ म्हणजे फिकट हिरवट-पिवळा. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये हा वायू प्रथम तयार केला आणि १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने तो मूलद्रव्य असल्याचे सांगून रंगावरून त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले. पुढे काही वर्षांतच पेल्टिए आणि काव्हाँतू या दोघा फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी पानांतला हिरवा पदार्थ वेगळा काढला आणि त्यालाही त्याच ग्रीक शब्दावरून ‘क्लोरोफिल’, म्हणजे पानाचा हिरवा, असे म्हटले. दोन्ही नावांत समान आहे तो रंग. क्लोरोफिलच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. क्लोरीनचा एकही अणू नसतो. आपल्या शाळेच्या पुस्तकातला ‘हरितद्रव्य’ हा शब्द वापरला असता, तर हा दावा जन्मालाच आला नसता.

क्लोरेला हे शेवाळ आणि कॉफीतले क्लोरोजेनिक आम्ल यांची नावेही हिरव्या रंगावरूनच पडलेली आहेत. जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकांना ‘क्लोरोसिस’ हा शब्द माहीत नसेल, पण ‘केवडा’ नक्कीच माहीत आहे: चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला घेता येत नाही, हरितद्रव्य कमी पडते, आणि शिरा हिरव्या राहून शिरांमधला पानाचा भाग पिवळा पडतो. युरोपातले जुने डॉक्टर तरुण मुलींच्या रक्तक्षयाला हेच ‘क्लोरोसिस’ नाव देत, कारण चेहऱ्यावर हिरवट फिकेपणा दिसे असे ते मानत. पिकाच्या असो वा माणसाच्या, या आजारात उणीव लोहाची आहे आणि क्लोरीनचा काही संबंध नाही. उलट, रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या रेणूत क्लोरीनचा अणू आहे, आणि मातीतला जीवाणू स्वतः बनवतो त्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकात असे दोन अणू आहेत. या दोन्ही नावांत ‘क्लोर’ कुठेही नाही. केवळ नाव वाचून विष हुडकणाऱ्याची अशी दोन्ही बाजूंनी फसगत होते.

आता ‘हायड्रोक्लोराइड’कडे येऊ, कारण सर्वांत मोठे नुकसान इथेच होऊ शकते. क्लोरीन आणि क्लोराइड या एकाच मूलद्रव्याच्या दोन अवस्था आहेत, पण त्यांचे वागणे अगदी वेगळे असते. क्लोरीन वायू समोर येईल त्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून तो जाळतो. क्लोराइडला तो इलेक्ट्रॉन आधीच मिळालेला असल्यामुळे तो शांत असतो. आपल्या रक्तद्रवात दर लिटरला साधारण ९६ ते १०६ मिलिमोल, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम, क्लोराइड असतेच, आणि जठरातले आम्ल त्याच्यावाचून तयार होत नाही. पुष्कळ औषधे मुळात आम्लारिधर्मी असतात. त्यांची हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया करून क्षार बनवला की ती पाण्यात सहज विरघळतात आणि साठवणीत टिकतात. पाकिटावरच्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइडच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०७ मिलिग्रॅम क्लोराइड असते, तर ५ ग्रॅम मिठात सुमारे ३ ग्रॅम. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी खाणाऱ्या सोलापूरकराने गोळीतल्या क्लोराइडला घाबरावे, हे मला तरी कळत नाही. ती गोळी परस्पर बंद केली तर रक्तातली साखर मात्र खात्रीने वाढेल.

सैंधवाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, आणि सोडियम क्लोराइडच्या वजनात सुमारे ६० टक्के वाटा क्लोराइडचा असतो. रक्तदाबाच्या रुग्णाने मीठ कमी करावे ते सोडियममुळे, आणि सैंधव घेतल्याने ते कमी होत नाही.

पाण्याचा मुद्दा तितका सरळ नाही. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि तो श्वासात गेल्याने सैनिक मेले, हे खरे आहे. पण पाण्यात विरघळल्यावर त्याच वायूचे हायपोक्लोरस आम्ल होते. नळापर्यंत पोहोचताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. हेच हायपोक्लोरस आम्ल आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी रोज स्वतः तयार करतात. ज्या वितंचकाच्या, म्हणजे एन्झाइमच्या, साहाय्याने त्या ते करतात, तो रंगाने हिरवा आहे, हा निव्वळ योगायोग.

विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरला ग्रामपंचायतीचे कर्मचारी ‘टीसीएल’ म्हणतात. ते ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’चे लघुरूप आहे, आणि इथे नावच चुकीचे आहे. ती क्लोराइड नसून हायपोक्लोराइट, म्हणजे वर सांगितलेल्या हायपोक्लोरस आम्लाचा क्षार, आहे, म्हणून तर ती जंतू मारते. साध्या कॅल्शियम क्लोराइडने एकही जंतू मेला नसता. पंढरपूरची वारी आणि पटकी यांचा जुना संबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वारीच्या वाटेवरच्या विहिरींत ही पावडर का पडते हे सांगावे लागत नाही.

पाणी दोन दिवस उघडे ठेवण्याचा सल्ला मात्र सोलापुरात सर्वांत घातक ठरेल. उजनीचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येत आल्यामुळे आपण ते पिंपांत आणि टाक्यांत साठवतो. साठवणीत क्लोरीन आपोआप उडून जातो, आणि नंतर त्यात हात बुडला की नवे जंतू शिरतात. शिवाय उघड्या साठ्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

या संदेशाच्या कर्त्याने अभ्यास केला असता, तर त्याला एक खरा आक्षेप सापडला असता. पाण्यातल्या सेंद्रिय गाळाशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी उपद्रव्ये अत्यल्प प्रमाणात तयार होतात. यावरचा उपाय म्हणजे क्लोरीन मिसळण्यापूर्वी पाण्यातला गाळ नीट काढणे आणि उपद्रव्यांची मर्यादा पाळणे. क्लोरीन बंद केल्यास जुलाब आणि कावीळ परत येतील.

युद्धातला तो वायू घरात खरोखर तयार होऊ शकतो, पण त्याचा या संदेशात उल्लेखही नाही. संडास धुताना ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड ओतले, की त्या बंद खोलीत हिरवट-पिवळा क्लोरीन वायू सुटतो आणि काही क्षणांत श्वास कोंडतो. तसे झाले तर बादलीत आणखी काही न ओतता दार उघडे टाकून लगेच मोकळ्या हवेत यावे, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठावा.