लुसी भिकेला लागली नव्हती आणि धक्क्याने गेलीही नाही

हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वर फाटक्या कपड्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, खाली अमेरिकेची विनोदसम्राज्ञी लुसिल बॉल हिची करुण कहाणी. कहाणी अशी: एके काळी अख्ख्या देशाला हसवणारी ही बाई सगळा पैसा घालवून बसली. पोटासाठी आणि हट्टापायी पंचाहत्तराव्या वर्षी टीव्हीवर परत आली. म्हातारीचे चाळे बघायला कोणी तयार नव्हतं. पहिल्याच भागानंतर मालिका बंद पडली. त्या धक्क्याने काही आठवड्यांतच ती गेली आणि जाताना ‘वेळेवर थांबायला हवं होतं’ असं म्हणून गेली. मग हात जोडलेले इमोजी आणि तळाला उपदेश: ज्येष्ठांनो, सन्मानाने बाजूला व्हा.

असल्या गोष्टी मी एरवी न वाचताच पुसून टाकते. पण हा मजकूर आमच्या आत्यापर्यंत पोचला. आत्या बहात्तरची आहे. यंदा सोसायटीच्या गणपतीतल्या एकांकिकेत तिने चोराचं काम घेतलंय, तेही मिशा लावून. आमच्या एका चुलतभावाने कुटुंबाच्या ग्रुपवर नेमकं तिला उद्देशून हे टाकलं, ‘आत्या, नक्की वाच’ म्हणून. आत्याने वाचलं आणि नाटक बसवणाऱ्या पोराला फोन करून माझ्याजागी दुसरं कोणीतरी बघ म्हणाली. तेव्हा आता मुद्दा घेऊन मुद्दा बोलू.

आधी फोटो, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे. तो फोटो लुसिल बॉलचाच आहे, यात वाद नाही. पण तो एका टीव्ही चित्रपटातला आहे! नोव्हेंबर १९८५मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘स्टोन पिलो’ नावाचा चित्रपट दाखवला गेला. त्यात तिने न्यूयॉर्कच्या फुटपाथवर राहणाऱ्या एका बेघर म्हातारीचं काम केलं होतं. गंभीर भूमिका. त्या पात्राचं फ्लोराबेल हे नावही आपल्या आजीच्या नावावरून घेतलेलं. गोष्ट थंडीतली, म्हणून अंगावर थरावर थर कपडे, आणि शूटिंग मात्र न्यूयॉर्कच्या उकाड्यात. अंगातलं पाणी कमी होऊन तिला हॉस्पिटलात दाखल करावं लागलं होतं. चौऱ्याहत्तरीला पोचलेली नटी भूमिकेसाठी एवढं सोसते, आणि चाळीस वर्षांनी कोणीतरी ते पात्र उचलून ‘बघा, भिकेला लागली’ म्हणून फिरवतो. या हिशेबाने रंगमंचावर मेलेल्या प्रत्येक नटाचं तेरावंही घालायला हवं.

आता पैशाचं. तिचा पहिला नवरा आणि ‘आय लव्ह लुसी’ या तिच्या गाजलेल्या विनोदी मालिकेतला नायक डेसी आर्नाझ याच्याबरोबर तिने डेसिलू नावाची निर्मितिसंस्था काढली होती. घटस्फोटानंतर १९६२मध्ये तिने त्याचा हिस्सा २५ लाख डॉलरला विकत घेतला आणि हॉलिवूडमधला एवढा मोठा स्टुडिओ चालवणारी पहिली बाई झाली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ या मालिका तिच्या अमदानीत तिच्या स्टुडिओत सुरू झाल्या. १९६७मध्ये तिने डेसिलू गल्फ अँड वेस्टर्न कंपनीला विकली, १ कोटी ७० लाख डॉलरला. तेव्हाचे डॉलर, बरं का. १९८६मध्ये पोटासाठी काम करायची वेळ तिच्यावर आली होती, हे लिहिणाऱ्याने निदान हा आकडा तरी शोधायचा होता.

मग ‘पहिल्याच भागानंतर बंद’. खोटं. ‘लाइफ विथ लुसी’ ही मालिका २० सप्टेंबर १९८६ला एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तिचा शेवटचा भाग १५ नोव्हेंबरला दाखवला गेला. आठ भाग दाखवले, तेरा चित्रित झाले होते. २०१९मध्ये तेराच्या तेरा भाग डीव्हीडीवर आले. हा माझा मुख्य पुरावा, आणि पुढे जे म्हणतेय ते बरंचसं त्याच्या जोरावर. या मालिकेबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी ती पाहिलेलीच नसते, म्हणून मुद्दाम सांगते.

आता सगळ्यात विषारी वाक्य: धक्क्याने काही आठवड्यांत गेली.

लुसिल बॉल गेली २६ एप्रिल १९८९ला. शेवटचा भाग दाखवल्यावर जवळजवळ अडीच वर्षांनी. कारण होतं हृदयाकडून निघणारी महाधमनी. १८ एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये शस्त्रक्रिया झाली, ती पार पडलीही, आणि आठवड्याने ती धमनी दुसऱ्या ठिकाणी फुटली. ७७ वर्षांच्या बाईची धमनी टीव्हीच्या रेटिंगमुळे फुटत नाही.

त्या अडीच वर्षांत ती कुठे तोंड लपवून बसली होती का? ७ डिसेंबर १९८६ला, म्हणजे मालिका गुंडाळल्याला महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा, वॉशिंग्टनला केनेडी सेंटरचा सन्मान तिला मिळाला. तिकडे कलावंताला यापेक्षा मोठा मान फारसा नाही. आणि २९ मार्च १९८९ला ऑस्करच्या मंचावर ती विनोदी नट बॉब होपबरोबर आली, मांडीपर्यंत चीर असलेला काळा गाऊन घालून. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मृत्यूच्या आधी महिनाभर! लाजेने खंगून गेलेली बाई अशी दिसते?

मग ‘काही आठवड्यांत’ हे आलं कुठून? माझा अंदाज सांगते. मालिकेचा शेवटचा भाग दाखवल्यानंतर सतराव्या दिवशी, २ डिसेंबर १९८६ला, खरोखरच एकाचा मृत्यू झाला होता. डेसी आर्नाझचा. फुप्फुसाच्या कर्करोगाने. कोणीतरी दोन तारखा शेजारी शेजारी वाचल्या आणि माणूस बदलला. केनेडी सेंटरच्या त्या समारंभात डेसीने तिच्याबद्दल लिहून ठेवलेला मजकूर अभिनेता रॉबर्ट स्टॅक याने वाचून दाखवला. डेसी जाऊन पाच दिवस झालेले, आणि ही वर सज्जात बसून ऐकतेय. मजकुराचा शेवट असा होता की ‘आय लव्ह लुसी’ हे कधीच नुसतं मालिकेचं नाव नव्हतं. रडवायचंच होतं तर हे खरं पडलं होतं की समोर.

हट्टाचा मुद्दा उरतो. इथे मला थोडं मागे सरावं लागेल, मनात नसताना. मालिका वाईट होती. मी पाहिलेत ते भाग. ७९ मालिकांच्या यादीत ती त्या हंगामात ७३वी आली आणि त्यात प्रेक्षकांनी काही अन्याय केला असं मला वाटत नाही. पहिल्या आठवड्यात लोक मोठ्या संख्येने आले होते, पहिल्या पंचविसात होती ती. पण एकदा बघून गेले ते परत आले नाहीत. लुसीनेही तिच्या जुन्याच माणसांचा गोतावळा जमवला होता. तिचा दुसरा नवरा गॅरी मॉर्टन निर्मात्यांत. लेखक बॉब कॅरोल आणि मॅडलिन डेव्हिस, म्हणजे ‘आय लव्ह लुसी’च्याही आधीपासून तिच्यासाठी लिहिणारी जोडी. समोर काम करायला गेल गॉर्डन, वय ८०. तिला नको म्हणणारं त्या खोलीत कोणी नव्हतं, हे खरंच आहे.

पण हट्ट तिचा एकटीचा होता का? तेव्हा एबीसीची विनोदी मालिकांत बोंब होती. एनबीसी ही दुसरी वाहिनी पुढे निघून गेलेली. अशा वेळी ॲरन स्पेलिंग या त्या काळच्या बड्या निर्मात्याला हाताशी धरून वाहिनीने लुसीला आणलं आणि नमुन्याचा पहिला भाग, म्हणजे पायलट, न बघताच मालिका विकत घेतली. नवी मालिका घेताना असा एक भाग आधी करून बघायचा, काय जमतं काय नाही ते तपासायचं आणि मग पुढे जायचं, ही तिकडची साधी रीत. लुसीच्या नावाला भुलून तीच टाळली. पायलट बघितला असता तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं.

काय कळलं असतं? लुसी बार्कर ही विधवा आजी. नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानातला अर्धा हिस्सा तिच्याकडे येतो. उरलेला अर्धा कर्टिसचा, म्हणजे तिच्या व्याह्याचा. दोघं एकाच घरात राहायला येतात आणि नातवंडांवरून जुंपते. बीज काही वाईट नाही. आपल्याकडे व्याही-विहीण एका छताखाली म्हटलं की चांगला लेखक तीन अंकी नाटक उभं करेल. पण मालिकेत त्यातलं काहीच फुलत नाही. दारातून लुसी आत येते, स्टुडिओतले प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करतात, गोष्ट थांबते. मग एखादं यंत्र बिघडतं किंवा फेस उडतो, कर्टिस ओरडतो, पुन्हा टाळ्या. एका भागात जॉन रिटर हा नट स्वतःच्याच नावाने दुकानात गिऱ्हाईक म्हणून येतो आणि लुसीच्या तावडीत सापडून जायबंदी होतो. चाळिशीच्या लुसीसाठी जे लिहिलं गेलं होतं तेच पंचाहत्तरीच्या लुसीला करायला लावलंय. ती धडपडली की हसण्याआधी आपला जीव वर येतो, लागलं तर नाही ना म्हणून. हा दोष लिखाणाचा. वय हेच तर तिच्या हातातलं नवं भांडवल होतं, आणि संहिता ते लपवत बसली.

आणि म्हणूनच ‘म्हातारीला बघायला कोणी तयार नव्हतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं. त्याच शनिवारी रात्री, तासाभराने, एनबीसीवर कोणती मालिका लागत होती? ‘द गोल्डन गर्ल्स’. मायामीतल्या एका घरात राहणाऱ्या चार बायका, वय वाढलेल्या, बहुतेक विधवा. बी आर्थर, बेटी व्हाइट, एस्टेल गेटी या तिघी तेव्हा साठीत पोचलेल्या, रू मॅक्लॅनहन तेवढी पन्नाशीतली. १९८५मध्ये सुरू झालेली ती मालिका सात हंगाम चालली आणि चौघींनाही एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. त्या करत काय होत्या? रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून, समोर चीजकेक ठेवून, नवरे, मुलं, पैसा, पुरुष, मरण यांवर एकमेकींना टोले हाणत होत्या. वय लपवायची कोणाला गरजच नव्हती, विनोद त्यातूनच निघत होता. तोच देश, तोच वार, तेच प्रेक्षक. म्हाताऱ्या बायकांचं वावडं असतं तर ही मालिका एक हंगामही टिकली नसती.

कोणी म्हणेल, त्या साठीतल्या, ही पंचाहत्तरीची. बरं, कबूल, दहा-बारा वर्षांचा फरक लहान नाही. मग जॉर्ज बर्न्स या विनोदी नटाचं काय करायचं? त्याला ऑस्कर मिळालं १९७६मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, विनोदी भूमिकेसाठी. त्याच्यावर ‘आजोबा, बाजूला व्हा’ असा फॉरवर्ड का निघत नाही? पुरुष ऐंशीत रंगला की त्याची जिद्द, बाई पंचाहत्तरीत आपटली की तिला थांबायला कळलं नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण तो पाठवणाऱ्याने तो कोणाला पाठवला ते बघा. आमच्या ग्रुपवर शहात्तरीचे काकाही आहेत, दर रविवारी कराओकेवर गाणी म्हणून रेकॉर्डिंग टाकणारे. त्यांना कोणी टॅग केलं नाही. (करायला हवं होतं, पण ते वेगळ्या कारणासाठी.)

लुसीला दुःख झालं का? झालं, चांगलंच झालं. त्यानंतर तिने पुन्हा मालिका केली नाही, चित्रपटही केला नाही. ‘आय लव्ह लुसी’पासून १९७४पर्यंत ही बाई मधली पाचेक वर्षं सोडली तर दर आठवड्याला लोकांच्या घरात होती, अशा माणसाला पहिल्यांदा कोणी दार लावलं तर लागणारच. एवढं खरं आहे आणि एवढंच खरं आहे. पण १९८६चे ते आठ भाग वजा केले काय आणि ठेवले काय, ‘आय लव्ह लुसी’ १९५१मध्ये होती तिथेच आहे. ‘शेवटी केलेलं वाईट काम आधीचं सगळं पुसून टाकतं’ हे फॉरवर्डमधलं वाक्य तर लुसीवरच लागू पडत नाही. तिचं नाव निघालं की अजूनही चॉकलेटच्या कारखान्यातल्या पट्ट्यासमोर गोळ्या तोंडात कोंबणारी लुसी आठवते. हार्डवेअरचं दुकान आठवणारे माझ्यासारखे रिकामटेकडेच.

राहिलं ते मरतानाचं वाक्य. ते तिने कुठे, कोणाला, कधी म्हटलं याचा उल्लेख फॉरवर्डमध्ये नाही. शस्त्रक्रियेनंतर हॉस्पिटलात असलेली बाई पहाटे अचानक जाते, आणि तिच्या तोंडी शेवटचा उपदेश मात्र सुबक, चार ओळींचा, तोही मराठीत यमक जुळवून. ज्याने हे ग्रुपवर टाकलं त्याला मी मूळ विचारलंय. त्याने अंगठा दाखवलाय, तो वरचा की खालचा हे त्यालाच ठाऊक.