ऐकू दिल्याशिवाय हेडफोन विकू नका

कोल्हापुरात १५ हजार रुपयांचा हेडफोन विकत मिळतो, पण पैसे मोजण्याआधी तो पाच मिनिटे कानावर ठेवून ऐकायला मिळत नाही. या व्यवहारात काही वावगे आहे असे विकणाऱ्यांपैकी कोणालाही वाटत नाही, याचा मला मनापासून संताप येतो. राजारामपुरी असो, शाहूपुरी असो की लक्ष्मीपुरी, काचेमागे सीलबंद खोकी मांडलेली असतात आणि त्यांच्याकडे बोट दाखवताच उत्तर तयार असते: "ताई, सील फोडलं की माल परत जात न्हाई. घेणार असाल तरच काढतो." अहो, घ्यायचा की नाही हे ठरवण्यासाठीच तर ऐकायचा आहे! डोळ्यांनी पाहून कळेल असे त्या खोक्यात आहे तरी काय?

माझी मागणी अवघड नाही. माझा सध्याचा हेडफोन साधा आहे आणि बरीच वर्षे वापरात आहे. त्याचा मधला पट्टा, म्हणजे गाणाऱ्याचा गळा जिथे वसतो तो भाग, मला अतिशय आवडतो. उणीव एवढीच की तंबोरा धूसर राहतो, आणि गळा, पेटी व तबला एकत्र आले की सगळे एकमेकांत कालवल्यासारखे होते. मला हवा आहे तो याच स्वभावाचा, पण अधिक स्वच्छ आणि सुटा आवाज देणारा हेडफोन. ही गोष्ट मी साध्या मराठीत, शांतपणे सांगते. तरीही समोरचा माणूस पहिला प्रश्न बजेटचा विचारतो आणि दुसरा प्रश्न विचारतच नाही. तुम्ही काय ऐकता, हे मला आजवर एकाही काउंटरवर कोणी विचारलेले नाही. त्यांच्या लेखी अधिक चांगला म्हणजे अधिक महाग, आणि अधिक महाग म्हणजे अधिक बास.

बास, बास आणि बास! "ह्याचा बास लय भारी आहे, नुसता घुमतोय बघा कानात." ज्याला तो घुमारा आवडतो त्याने तो खुशाल घ्यावा, माझे त्याच्याशी भांडण नाही. पण मी ख्याल ऐकते. काळी पाच या पट्टीत गाणाऱ्या बाईंचा षड्ज (मूळ सा) साधारण २३३ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांवर असतो आणि त्यांच्या तंबोऱ्याचा खर्ज (खालचा सा) ११६ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तंबोऱ्याची सर्वांत जाड तारसुद्धा १०० हर्ट्झच्या वरच बोलते. त्याखालचा पट्टा फुगवलेला हेडफोन त्या गळ्याला काहीही देत नाही. तो फक्त डग्ग्याला (तबल्यासोबतच्या घुमणाऱ्या डाव्या वाद्याला) सूज आणतो, आणि सुजलेला डग्गा खर्जावर आणि मध्य सप्तकावर पसरून बसतो. खर्जाची तार नीट लागली असली की तिच्यातून आपोआप जो स्वयंभू गंधार ('ग' हा स्वर) उमटतो, तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा, म्हणजे इथे ५८० हर्ट्झच्या जवळपासचा, अतिशय नाजूक स्वर असतो. तो ऐकू येतो की नाही, आणि गळ्याने गंधार लावला की दोन्ही एकमेकांत विरघळतात की नाही, ही माझी हेडफोनची कसोटी आहे. ती खोक्यावर कुठे छापलेली असते ते मला कोणीतरी दाखवावे.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे तर आणखी वेगळे. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे असते आणि त्यात खालच्या टोकाला तबकडीच्या घरघरीखेरीज, वरच्या टोकाला खरखरीखेरीज फारसे काही नसते. जे आहे ते सगळे मध्यात आहे. बास फुगवला की घरघर वाढते, वरचे टोक तीक्ष्ण केले की खरखर गळ्याच्या पुढे येऊन उभी राहते, आणि दोन्ही वाढवून मधला पट्टा खोल केला, जसा आजच्या बहुतेक 'दणदणीत' हेडफोनांत केलेला असतो, तर गाणारी बाई शेजारच्या खोलीत जाऊन बसते. ख्यालगायिका केसरबाई केरकरांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात पाठवले गेले. त्या केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या पदरी याच गावात होते. त्याच गावातल्या काउंटरवर मी केसरबाईंचे दोन मिनिटांचे गाणे लावून पाहू का असे विचारते, तेव्हा मला नकार मिळतो. ज्या गावात १८८३पासून देवल क्लब ही संगीतसंस्था आहे, जिथे अल्लादियाखाँचे पुत्र भूर्जीखाँसाहेबांनी शिकवले, तिथे कान चोखंदळ असलेले गिऱ्हाईक असू शकते हे दुकानदारांना इतके अनपेक्षित का वाटावे?

इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर आधी तुमची पट्टी विचारतो, गाणार कोण आहे हे विचारतो, जवारी (तारेचा झणकार) खुली हवी की गोल हवी हे विचारतो. मग घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्यावर) कानस फिरवतो, तारेखाली सूत सरकवतो, तार छेडतो आणि तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो. मान हलली नाही की पुन्हा कानस हातात घेतो. आवाज ही ज्याची त्याची पसंती असते आणि ती ऐकूनच ठरते, हे त्या कारागिराला शिकवावे लागत नाही. हेडफोन हेही आवाजाचेच यंत्र आहे. त्याला घोडी नसेल, पण त्याची जवारी कारखान्यातच कायमची लागून आलेली असते आणि ती माझ्या हाताने बदलता येत नाही. मग निदान ती कशी लागली आहे हे आधी ऐकण्याचा माझा हक्क तरी मान्य करा.

त्याऐवजी मला आकडे वाचून दाखवले जातात. बहुतेक खोक्यांवर '२० ते २०,००० हर्ट्झ' असे लिहिलेले असते, ८०० रुपयांच्या खोक्यावरही आणि २५ हजारांच्या खोक्यावरही. त्या पट्ट्यात कुठे किती डेसिबलचा चढ आहे आणि कुठे किती उतार आहे, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काडीची किंमत नाही, आणि ते मात्र क्वचितच कोणी छापते. मग ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या पडद्याचा, आकार. "चाळीस एमएमपेक्षा पन्नास एमएम कधीही भारी, ताई." हे साफ खोटे आहे. सोनीच्या एमडीआर-७५०६मध्ये ४० मिलिमीटरचाच ड्रायव्हर आहे आणि तो हेडफोन १९९१पासून जगभरातल्या ध्वनिमुद्रण कक्षांत वापरला जातो. पडद्याचा व्यास पाहून आवाजाचा स्वभाव कळत नाही. जवळपास एकाच पंक्तीत बसणारे बायरडायनॅमिकचा डीटी ९९० आणि सेनहायझरचा एचडी ६५० घ्या. एकाचे वरचे स्वर इतके लखलखीत की काहींना 'स' आणि 'श' टोचतात, तर दुसरा इतका मऊ आणि गडद की काहींना त्यावर पडदा टाकल्यासारखे वाटते. दोन्ही उत्तम आहेत आणि दोघांनाही जीव टाकणारे चाहते आहेत. माझ्यासाठी त्यातला कोणता, हे कागद सांगू शकत नाही.

कोणता स्वर किती मोठा वाजतो हे दाखवणारे आलेखही पुरेसे सांगत नाहीत. आलेख काढला जातो तो कृत्रिम कानावर, आणि माझा कान त्या साच्यातून निघालेला नाही. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यामुळे तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप उठतात. ही लांबी आणि कानाच्या पाळीची घडण माणसागणिक बदलते, म्हणून तोच हेडफोन दोन डोक्यांवर दोन तऱ्हांनी वाजतो. ध्वनियंत्रे बनवणाऱ्या हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीचा रीतसर अभ्यास केला, आणि बहुसंख्यांना आवडणारे आवाजाच्या चढउताराचे एक वळण त्यातून निघाले. आज असंख्य कंपन्या तेच वळण समोर ठेवून हेडफोन बनवतात. पण त्याच अभ्यासांत हेही दिसले की त्याहून कमी बास पसंत करणारे श्रोतेही आहेत. मी त्या गटातली आहे. बहुसंख्यांना आवडते म्हणून मलाही आवडलेच पाहिजे, असा आग्रह कपड्याच्या दुकानातही कोणी धरत नाही.

क्वचित एखादा दुकानदार मेहेरबानी करतो आणि वापरातला एखादा नग पुढे सरकवतो. मग तो स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या पसंतीचे गाणे लावतो, ज्यात पहिल्या सेकंदापासून कृत्रिम ढोल आदळत असतात. स्वस्त नग ऐकवताना आवाज बेताचा ठेवतो आणि महाग नग कानावर चढवला की आवाज दोन घरे वर नेतो. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक भरीव आणि अधिक स्पष्ट वाटतो. त्यामुळे दोन हेडफोनांचा आवाज समान पातळीवर आणल्याशिवाय त्यांची तुलना करताच येत नाही, हे ध्वनीच्या व्यवसायातल्या नवशिक्यालाही ठाऊक असते. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने शिकावे, आणि ठाऊक असूनही तो असे करत असेल तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. माझ्या फोनमधले गाणे लावा म्हटले की "ब्ल्यूटूथ जोडायला वेळ लागतो", आणि वायरचा दाखवा म्हटले की "वायरचा आता कोण घेतंय?" मी घेते आहे. समोर उभी आहे. माझ्या हातात पैसे आहेत.

ऑनलाइन मागवा, हा सल्ला सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत संतापजनक. अनेक ठिकाणी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की वस्तू बिघडलेली असेल तरच बदलून मिळेल. आवाज आवडला नाही हे कारण चालत नाही. बिघाड नाही, मग तक्रार कसली, असा त्यांचा सवाल! आणि आवडला नाही असे कुठे लिहिले तर जाणकार मंडळी बजावतात की आधी शंभर तास वाजवा, मग तो 'बसेल'. परतीची मुदत सात दिवसांची असेल तर शंभर तास भरण्यासाठी रोज चौदा तासांहून अधिक वाजवावे लागेल, आणि तोपर्यंत मुदत संपलेली असेल. कानाच्या गाद्या वापराने थोड्या मऊ होतात आणि कानालाही नव्या आवाजाची सवय लागते, हे खरे आहे. पण ज्याचा मधला पट्टाच खोल आहे तो शंभर तासांनी भरून येत नाही. न आवडलेल्या आवाजाची सवय करून घेण्यासाठी मी १५ हजार का मोजावेत?

शिवाय काही गोष्टी दुकानात सांगितल्याच जात नाहीत. मधल्या पट्ट्यासाठी ज्याची वर्षानुवर्षे तारीफ होते तो सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७पासूनचा हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे विजेला बराच रोध करणारा, आहे. साध्या फोनला जोडला तर त्याला पुरेसा व्होल्टेज मिळेलच असे नाही, म्हणून वेगळ्या अँप्लिफायरचा खर्च धरावा लागतो. तो मागून उघडा आहे, त्यामुळे आतले गाणे घरभर ऐकू जाते आणि बाहेरचा मिक्सर, शिट्ट्या, रिक्षा आत येतात. मला हे चालेल, कारण उघड्या हेडफोनात तंबोरा डोक्यात न अडकता आजूबाजूला पसरतो असे जाणकार लिहितात. पण ते खरोखर तसे वाटते का, हे मला माझ्या कानांनी तपासायचे आहे. त्यासाठी "पुण्याला जाऊन या" असे मला सांगितले जाते. म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरवर जाऊन ऐकायचे आणि परत येऊन यांच्याकडून खरेदी करायची!

सील फोडण्याची अडचण खरी असती तर मी समजून घेतली असती. पण त्याच दुकानांत भिंतभर टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतात. ते कोणत्या खोक्यातून काढले? चित्र पाहिल्याशिवाय कोणी टीव्ही घेत नाही हे मान्य आहे, मग आवाज ऐकल्याशिवाय हेडफोन का घ्यावा? स्वच्छतेचे कारण पुढे करू नका. गाद्या पुसता येतात, त्यांच्यावर घालायची पातळ कापडी आवरणे मिळतात. भांडवल अडकते असेही सांगू नका. प्रत्येक प्रकारातला एक नग उघडा ठेवा आणि वर्षाने तो कमी किमतीत विका, मीच घेईन.

एक खुर्ची ठेवा, एक बरी वायर ठेवा, आणि दहा मिनिटे मला माझे गाणे माझ्या पातळीवर ऐकू द्या. तोडमोड झाली तर भरपाई म्हणून हेडफोनची पूर्ण रक्कम मी आधी काउंटरवर ठेवते. गंधार ऐकू आला तर ती रक्कम उचलणारही नाही. तो ऐकू देण्याची तयारी नसेल तर खोके पुन्हा काचेमागे ठेवा आणि माझे बजेट विचारू नका.