‘माझ्या जीनमध्येच आहे’ म्हणणारा भाऊ : सुहासरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुहासराव, नमस्कार.

सीएचआरएनए५ या जीनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की असले लेख व्यसनी माणसाच्या हाती आयती सबब देतात. तुमच्या वडिलांनी तीस वर्षांची तंबाखू एका सकाळी सोडली. धाकटा भाऊ मात्र तीनदा सोडून पुन्हा अडकला, त्याच्यात निर्धारच नाही असं तुम्हाला वाटतं; आणि तो माझाच लेख दाखवून म्हणतो, ‘माझ्या जीनमध्येच आहे, मी काय करू?’ शिवाय हे सगळं संशोधन गोऱ्यांच्या सिगारेटींवरचं, आपल्या तंबाखू-चुन्याशी त्याचा काय संबंध, असंही तुम्ही विचारलंत. दोन ओळींत हात झटकावेत असे हे प्रश्न नाहीत.

भाऊ म्हणतो तसं या जीनचं काम नाही, म्हणून आधी त्याबद्दलच. तंबाखू पहिल्यांदा खाणाऱ्याला ती लागते. डोकं गरगरतं, मळमळतं, घाम सुटतो. निकोटीन विषारी आहे आणि ते जास्त झालं की ‘पुरे’ म्हणणारी सोय मेंदूत आहे. हॅबेन्युला नावाच्या एका छोट्या, खोलवरच्या भागातून मध्यमेंदूकडे जाणारा मज्जामार्ग हे काम करतो. तिथल्या पेशींवर निकोटीन ज्यांना चिकटतं ते रिसेप्टर प्रथिनांचे पाच भाग जुळून बनतात. त्यांतला अल्फा-५ हा भाग कसा घडवायचा, ते सीएचआरएनए५ मध्ये लिहिलेलं असतं. २०११ साली अमेरिकेतल्या पॉल केनी यांच्या गटाने हा भाग नसलेले उंदीर घेतले. निकोटीनची मात्रा कमी असताना ते इतर उंदरांसारखेच वागले. मात्रा वाढवल्यावर साधे उंदीर आवरतं घेऊ लागले, हे मात्र घेतच राहिले. मग फक्त हॅबेन्युलाच्या मार्गात अल्फा-५ परत आणला, तर त्यांनीही हात आखडला.

पुष्कळ माणसांमध्ये या प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ३९८व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन असतं, आणि असा रिसेप्टर निकोटीनला कमी प्रतिसाद देतो. म्हणजे ओढ निर्माण करणारी ही गोष्ट नाही, ‘पुरे’चा आवाज बारीक होतो एवढंच. मोठ्या अभ्यासांत सिगारेट सुरू करण्याशी या बदलाचा संबंध दिसला नाही, दिवसाला किती ओढल्या जातात याच्याशी दिसला. तोही किती? प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात; बदल असलेल्या एका प्रतीमागे दिवसाला साधारण एक सिगारेट जास्त. माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला एक टक्काही यातून उलगडत नाही. एवढ्याशा फरकाला नशीब म्हणता येणार नाही, हे तुमच्या भावाला माझ्या नावाने सांगा.

मग त्यावर लेख कशाला लिहायचा? कारण २००८ च्या एप्रिलमध्ये आइसलंड, फ्रान्समधलं लियाँ आणि अमेरिकेतलं ह्यूस्टन इथले तीन गट १५व्या गुणसूत्राच्या याच तुकड्यावर पोचले; आइसलंडचा गट धूम्रपानाच्या सवयीचा माग काढत, बाकीचे दोन फुप्फुसाच्या कर्करोगाचा. हा जीन थेट कर्करोगाकडे नेतो की जास्त धूम्रपानाच्या वाटेने, यावर त्यांच्यात मतभेद होते. पुढे दिसलं, की हा बदल असलेले लोक एकाच सिगारेटमधूनही जास्त निकोटीन खेचतात आणि त्याबरोबर कर्करोगकारक द्रव्यंही. सिगारेटी मोजून जे कळलं नाही, ते रक्तातलं कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटीनपासून बनणारं द्रव्य, मोजल्यावर कळलं.

आणि इथेच तुमचा दुसरा आक्षेप मला मोलाचा वाटतो. हे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या, सिगारेट ओढणाऱ्या लोकांवरचे आहेत. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत आहेत आणि धूरविरहित तंबाखू घेणारे जवळपास चारातला एक. मशेरी लावणारी बाई दिवसाला किती निकोटीन घेते हे कशात मोजणार? चिमटीला माप नाही. ‘एका प्रतीमागे एक सिगारेट’ हा आकडा आपल्याकडे आणून त्याचं ‘एक पुडी जास्त’ करणं चूक आहे, आणि मी ते केलेलं नाही. रिसेप्टर मात्र निकोटीन धुरातून आलं की गालफडातून, हे पाहत नाही. आपल्या माणसांच्या लाळेतलं कोटिनीन मोजून हेच काम इथे व्हायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

तुमच्या वडिलांचं मला खरोखर कौतुक आहे. पण त्यांच्यावरून भावाला मोजू नका. जीनच्या दोन प्रतींपैकी एकच वडिलांकडून येते, दुसरी आईकडून. आणि जो तिसऱ्यांदा सोडून चौथ्यांदा अडकला, त्याच्यात निर्धार नव्हता असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. सोडण्याचे कष्ट सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत, एवढंच मला लेखात म्हणायचं होतं. २०१५ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात या बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्यांची सिगारेट साधारण चार वर्षं उशिरा सुटलेली दिसली. पण सुटली! आणि सोडल्याचा फायदा त्यांनाही इतरांइतकाच झाला. औषधांचा उपयोग अशा लोकांना जास्त होतो, असं २०१२ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत ते तसंच दिसलं नाही, म्हणून त्यावर मी भर देत नाही.

भावाची जनुकीय चाचणी करावी का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. करू नका. निकाल काहीही आला तरी पुढे करायचं तेच आहे. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो. त्यावर फोन त्याला स्वतःला करू द्या, तुम्ही शेजारी बसा. निकोटीन गम किंवा गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. मागच्या वेळी सोडल्यावर कितव्या दिवशी, कोणाबरोबर असताना पुन्हा पुडी उघडली, ते त्याच्याकडून न रागावता काढून घ्या आणि समुपदेशकाला तेच आधी सांगा.