‘शारदा’ शिकवताना इतिहास कुठे सांगायचा?

‘संगीत शारदा’ वर्गात लावलं की पहिला अख्खा तास ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ला द्यायचा, सनावळ्या उतरवून घ्यायला लावायच्या आणि मगच नाटकाला हात घालायचा, ही पद्धत आता सोडली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. इतिहास कमी शिकवा असं मी म्हणत नाही, उलट जास्त शिकवा. पण मुलं नाटकात जिथे अडतात, तिथेच तो सांगा.

आणि मुलं कुठे अडतात हे ठरलेलं आहे. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लागणारं शारदेचं लग्न मोडतं ते तो म्हातारा आहे म्हणून नव्हे, बाप कांचनभटानं पैशाच्या लोभानं पोरीला विकली म्हणूनही नव्हे, तर वधूवरांचं गोत्र एक निघतं म्हणून! आमची इंदूरची मुलं लगेच विचारतात, “सर, पुलिसात का नाही गेलं कोणी?” नाटककार गोविंद बल्लाळ देवलांना शेवट जमला नाही, असंही एखादा म्हणतो.

पुस्तक मिटायचं ते इथे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं वयाची अट १० वरून १२ वर नेली, पण ती शरीरसंबंधापुरती. लग्नाला त्यानं हातच लावला नव्हता. एवढ्यावरूनही आगरकर आणि टिळक समोरासमोर उभे राहिले होते. शिवाय तो कायदा ब्रिटिश हद्दीतला. होळकरांच्या इंदुरात, जिथे १८९९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीनं या नाटकाचा पहिला प्रयोग केला, तिथे तो आपोआप लागूसुद्धा नव्हता. म्हणजे हे लग्न मोडू पाहणाऱ्या तरुण कोदंडानं जायचं तरी कुणाकडे? भर मांडवात सगळ्यांना मान्य होईल अशी एकच हरकत होती, शास्त्राची. देवलांनी ती वापरली. हे कळल्यावर तोच शेवट मुलांना वेगळा दिसतो: पोरगी वाचते, पण तिच्या दुःखाची दखल घेऊन कुणी तिला वाचवत नाही.

दुसरा प्रश्न मुली विचारतात. म्हाताऱ्याला आपल्या वयाची बायको का नको होती? ‘तेव्हाचे लोक मागासलेले होते’ हे उत्तर कृपा करून देऊ नका. हिशोब मांडून दाखवा. ब्राह्मण घरांत मुलगी वयात येण्याआधीच उजवली जायची, त्यामुळे लग्नाची राहिलेली मोठी बाई जवळजवळ नसायचीच. विधवेशी लग्न १८५६ च्या कायद्यानं करता येत होतं, पण १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी केलं तेव्हा त्यांच्या गावानं, मुरुडकरांनी, त्यांना वाळीत टाकलं. मग बिजवराचं वय चाळीस असो की सत्तर, त्याच्या वाट्याला लहान पोरगीच येणार. त्यात गरीब बाप भेटला की उलटा हुंडा घेऊन सौदा. हुंडा आमच्या मुलांना ठाऊक आहे, मुलीच्या बापानं पैसे घेणं त्यांना नवीन असतं. कांचनभट इथेच नीट समजतो.

रंगभूमीचा इतिहासही दोन वाक्यांत यावा. ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ अशी पौराणिक नाटकं बघायला सरावलेल्या प्रेक्षकांपुढे या वेळी शेजारच्या घरातलं लग्न उभं राहिलं होतं. आणि हो, बालविवाह रोखणाऱ्या १९२९ च्या ‘सारडा कायद्या’चं नाव हरविलास सारडांवरून आलं, या शारदेवरून नाही, परीक्षेत मुलं हमखास गोंधळ करतात.

मी आणखी एक करतो. पणजीचं किंवा खापरपणजीचं लग्न कितव्या वर्षी झालं, हे घरी विचारून यायला सांगतो. रामबागेतली, सुदामानगरातली मुलं उत्तरं घेऊन येतात: आठव्या वर्षी, अकराव्या वर्षी. कुणाची आजी सांगतानाच चिडलेली असते. ते आकडे फळ्यावर मांडून मगच मैत्रिणी शारदेला थेरड्या नवऱ्यावरून चिडवतात तो प्रवेश वाचायला घेतो. आधी नुसती हसणारी मुलं या वेळी त्या चिडवणाऱ्या मुलींचं वय विचारतात.

तुम्ही ‘शारदा’ शिकवत असाल, तर तुमची मुलं कुठे अडतात ते खाली लिहा. गोत्राचा प्रवेश तुम्ही कसा शिकवता, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.