एकास किती?

मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी वावधन सुटलं आणि आमच्या वावराच्या धुऱ्यावरची जुनी बाभूळ उन्मळून पडली. पडायला तिला चारी दिशा मोकळ्या होत्या. ती नेमकी पांदणीत, सगळ्यांच्या वावरात जायच्या वाटेत पडली. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, "सर, होते असं." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सर, पेरणीच्या आधी काही तं करसान ना?" तिसऱ्या दिवशी 'सर' हा शब्द गळला.

पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं हे फोनवर ऐकलं आणि आठवड्याभरात दारात खोकं आलं. आत झाड कापायची मशीन. लाल रंग, ५८ सीसी, हातभर लांब पट्टी. मंडळीनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून मी झाकण आवळायला गेलो, तर झाकणाजवळ चिकटपट्टी दिसली: ४०:१. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं २५:१. आणि पोरानं मशीनसोबत पाठवलेल्या तेलाच्या पुडीवर छापलं होतं ५०:१.

पेट्रोलात तेल मिसळायचं असतं, ४०:१ म्हणजे चाळीस भाग पेट्रोलाला एक भाग तेल, हे मला ठाऊक होतं. सतरा वर्षं लूना चालवली आहे. पण तेव्हा पंपावरचा पोरगा दांडा दाबायचा, निळं तेल चुळकन टाकीत पडायचं आणि मी पैसे द्यायचो. दांडा किती दाबला हे मी कधी विचारलं नाही. पोह्यावरच्या तर्रीत काय टाकलं हे तरी कोण विचारतं?

आता मी गणिताचा मास्तर. मूर्तिजापूर तालुक्यात ३१ वर्षं 'गुणोत्तर आणि प्रमाण' शिकवलं. अ भागिले ब बरोबर क भागिले ड, हे मी झोपेतही बोलतो अशी घरातून तक्रार आहे. तीन गुणोत्तरं समोर आल्यावर हाताच्या सवयीनं मी त्यांची सरासरी काढली. ३८.३३. सरासरीनं उत्तर बरोबर येत नाही, चूक फक्त सगळ्यांत सारखी वाटली जाते, हे मीच पोरांना सांगायचो. कागद फाडला आणि टपरीवर गेलो.

आमच्या गावात मला माणसं नावानं कमी आणि मार्कांनी जास्त ओळखू येतात. टपरीवर त्या वेळी दीडशेपैकी एक ६३, एक ५४ आणि एक मार्चमध्ये एकदा नि ऑक्टोबरमध्ये दोनदा नापास झालेला, असे तिघं बसले होते. मी प्रश्न मांडला.

"सोपं हाय, सर," ६३ म्हणाला. "पंपाले तीस."

आमच्याकडे कपाशीवर काहीही फवारायचं असलं की पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली हेच उत्तर असतं. म्हणजे १:५००. औषध बदलतं, कीड बदलते, तीस बदलत नाही. या प्रमाणानं मशीन चालवली असती तर तिचं खोकं पुन्हा बांधून ठेवावं लागलं असतं.

५४ म्हणाला, "एका लिटरले एक झाकण."

"कोणतं झाकण?"

"झाकण म्हंजे झाकण, सर."

नापास खर्रा घोटण्यात गुंग होता. सुपारी, तंबाखू, चुना. चुना कणभर जास्त झाला म्हणून त्यानं टपरीवाल्याकडून पुडी एकदा बदलून घेतली होती. मान वर न करता म्हणाला, "पाच लिटरले अर्धा पव्वा. एवढं काय मोजून रायले बाप्पा तुमी, अंदाजानं टाका ना."

घरी येऊन हिशोब केला. पव्वा १८० मिली, अर्धा म्हणजे ९०, पाच लिटरला ९०, म्हणजे १:५६. तिघांत बरोबर उत्तराच्या सगळ्यात जवळ नापास होता. त्याला ऑक्टोबरला ग्रेस मार्क द्यायला हवे होते, असं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

झाकणाचं मात्र मनातून जाईना, कारण आमच्या साडूची मशीन झाकणानंच गेली. मी मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली. दुकानदारानं "जनावर आजारी हाय काय जी?" विचारलं, मी "अजून नाही" म्हणालो. पाण्याच्या बाटलीचं झाकण काठोकाठ भरून मोजलं तर जेमतेम सात मिली. लिटरला सात म्हणजे १:१४३. साडूची मशीन दहा मिनिटं जोरात ओरडली, मग कण्हली, मग थांबली ती थांबलीच. उघडून पाहिली तर पिस्टनवर मांजरानं नखं मारावीत तसे ओरखडे.

त्याचं कारण कळलं तेव्हा मला तेलाबद्दल जरा आदर वाटू लागला. मोटरसायकलला खाली तेलाची वेगळी जागा असते, तेल तिथंच फिरतं. या मशीनसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला ती जागाच नाही. पेट्रोल नि हवा आधी पिस्टनच्या खालच्या पोकळीतून जाते, मग वर. जाता जाता त्यातलं तेल बेअरिंगला, सिलिंडरला जेवढं चिकटेल तेवढंच वंगण. म्हणूनच तर ही मशीन आडवी धरा, उलटी धरा, चालते. सांडायला खाली तेल नसतंच. आणि फेरे मिनिटाला दहा-बारा हजार. माझी लूना उतारावरही एवढी फिरली नसेल.

साडूचं पाहून मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस तेल जास्त टाकतो. पुडीवरचे ५० सोडून पुस्तिकेतले २५ धरले. लिटरला ४० मिली. दोरी ओढली. एकदा, दोनदा, अकरा वेळा. बाराव्या वेळी मशीन सुरू झाली आणि धुऱ्यावर असा निळा धूर पसरला की पलीकडच्या वावरातून आवाज आला, "सर, पऱ्हाटीच्या काड्या जाळून रायले काय?" पाच मिनिटांत बंद. प्लग काढला तर काळा, ओला, चिकट. यात एक गंमत आहे, गणिताच्या माणसाला आवडेल अशी: कार्ब्युरेटरच्या त्याच बारक्या भोकातून जेवढं तेल जास्त जातं, तेवढं पेट्रोल कमी जातं. तेल वाढवलं की जळायला उलट कमी. हे मला प्लग घासताना सुचलं. तेव्हा सुचून काही उपयोग नव्हता.

मग कारंज्याला गेलो. दुकानदारानं काउंटरवर तीन बाटल्या ठेवल्या. पहिली मोटरसायकलची, चार स्ट्रोकची. ती जळायला केलेलीच नसते, तिच्यामुळे मीही साडूच्या शेजारी जाऊन बसलो असतो. दुसरी स्वस्त, बाटलीवर टीसी-डब्ल्यू३ असं मोठ्या अक्षरात. "हे भारी हाय, सर, इम्पोर्टेड." ते बोटीच्या इंजिनाचं तेल निघालं. पाण्यावर थंड राहणाऱ्या इंजिनासाठी. कारंज्यात ते कोणत्या बंदरावरून उतरलं असेल, देव जाणे. आमच्याकडे हिवाळ्यानंतर नदीत बैलही गुडघ्यापर्यंत भिजत नाही. तिसरीवर जासो एफडी असं लिहिलेलं होतं. जपानी लोकांनी टू-स्ट्रोक तेलाला लावलेली प्रत. एफबी, एफसी, एफडी अशी चढत जाते, वर जावं तसा धूर नि काजळी कमी. १०० मिलीची बाटली. किंमत ऐकून मी पुन्हा बोटीकडे पाहिलं, पण घेतली.

गावात आल्यावर फवारणी यंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे थांबलो. (८८ मार्क. वर्गात कधी हात वर केला नाही.) त्यानं मशीन पाहिली नाही, पुस्तिका मागितली. "सर, तुमी पूर्ण वाचली काय?" कंसातली बारीक ओळ त्यानं बोटानं दाखवली: साध्या तेलाला २५, चांगल्या प्रतीच्या तेलाला ४०. "५० ते तेलवाल्याचं हाय, सगळ्या मशिनींसाठी. आपली मशीन ४० म्हणते तं ४०." ३१ वर्षं मी फळ्यावर लिहिलं होतं: प्रश्न पूर्ण वाचा.

लिटरला २५ मिली. सिरिंज घरी होती, मोजता आलं असतं. पण इथं माझ्यातला आळशी माणूस गणित करून बसला. बाटली १०० मिलीची, चाळीसपट म्हणजे बरोबर चार लिटर. मोजायचंच नाही! अख्खी बाटली ओतली, कॅन हलवला, पेट्रोल सुंदर हिरवं झालं. दोन ओढींत मशीन सुरू, धूर नावापुरता. बाभूळ सव्वा लिटरमध्ये तुकडे तुकडे झाली. पांदण मोकळी, 'सर' परत.

उरलं पावणेतीन लिटर.

मिस्त्री म्हणाला, मिसळलेलं पेट्रोल महिनाभरात संपवा. हल्ली त्यात वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. पाणी खाली बसलं की झाड कापायचं सोडून प्लग घासत बसा. उसाचा पैसा पश्चिम महाराष्ट्रात गेला आणि इथेनॉल मात्र आमच्या कॅनमध्ये आलं. विदर्भाच्या अनुशेषाची ही नवी तऱ्हा म्हणायची. ६३ कडे फवारणीचा टू-स्ट्रोक पंप आहे, त्याला फुकट देऊ केलं. तो म्हणाला, "नाही जी, तुमचं ४० चं हाय. माह्या पंपाले अंदाजाचं लागते."

तेव्हापासून मी कॅन नि मशीन घेऊन कापायला काही मिळतं का पाहत फिरतो. उभ्या झाडाला हात लावायचा तर परवानगीचा कागद लागू शकतो, म्हणून वाळकी खोडं. गोठ्याचा मोडका खांब कापला. जुनी बैलगाडीची दांडी कापली. ती मोडलेली नव्हती, हे नंतर कळलं. शेजारी आता पलंग अंगणात टाकत नाही. परवा मी परसातल्या शेवग्याकडे, त्याच्या एका कललेल्या फांदीकडे नुसतं पाहत उभा होतो, तर मंडळी मागे येऊन उभी राहिली. काही बोलली नाही.

वटपौर्णिमेला ती देवळाजवळच्या वडाची पूजा करून आली. दुपारी परसात गेलो तर शेवग्याला कुंकू लावलेलं आणि बुंध्याभोवती पांढरा दोरा. मी फेरे मोजले. चौदा.

"वडाले किती गुंडाळले?"

"सात."

"अन् याले चौदा? हे प्रमाण कोणतं?"

"अंदाजानं," ती म्हणाली, आणि कॅन उचलून कोठीत ठेवून आली.